जतनाचा भार

परंपरेचे जतन व्हावे, याविषयी सहसा दुमत नसते. ते कोणी करावे आणि कोणत्या मोलाने, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. किरगिझ स्त्रियांच्या नमद्यांसंबंधी तो टाळता येत नाही.

मेंढीची लोकर न कातता, न विणता, केवळ पाणी, उष्णता व दाब यांनी एकजीव केली की नमदा सिद्ध होतो. तिएनशानच्या कुरणांतून कळपांसह फिरणाऱ्या किरगिझांच्या तंबूला आच्छादन मिळाले ते नमद्याचे, आणि बैठकही त्याचीच. 'आला-कियीझ' या प्रकारात लोकरीच्या थरावर रंगीत लोकरीची नक्षी मांडतात आणि गरम पाणी शिंपून, चटईत गुंडाळून, ती लाटून लाटून थरात मुरवतात. 'शिरदाक' करताना दोन रंगांचे नमदे एकत्र कापले जातात. एकातून निघालेली आकृती दुसऱ्याच्या रिकाम्या जागी शिवली जाते. मेंढ्याच्या शिंगांची ती वळणे पाहताना आकृती कोणती आणि पार्श्वभूमी कोणती, हे सांगता येत नाही.

विसाव्या शतकात सोव्हिएत राजवटीने भटके जीवन स्थिरावले. पुढे कारखान्यांतले स्वस्त गालिचे घरोघर आले. २०१२ साली युनेस्कोने ही कला तातडीने जतन करावयाच्या वारशाच्या सूचीत नोंदविली. ही कला जाणणाऱ्या स्त्रिया कमी होत चालल्या होत्या आणि तरुण मुलींना तिची ओढ उरली नव्हती.

त्या मुलींना दोष देणे सोपे आहे. परंतु लोकर धुणे, झोडपणे, तासन्‌तास लाटणे, जाड थरांतून सुई काढणे हे कष्ट रसिकाच्या वाट्याला येत नाहीत. आपल्या सौंदर्यतृष्णेसाठी दुसऱ्याने आजीचे आयुष्य पुन्हा जगावे, ही अपेक्षा न्याय्य म्हणता येणार नाही. उलट, 'त्यांची इच्छा' एवढे म्हणून मोकळे होणेही तितकेच अप्रामाणिक आहे. जिथे महिनोन्‌महिन्यांच्या श्रमाला यंत्राच्या मालाशी किमतीत झुंजावे लागते, तिथे कलेचा त्याग ही निखळ निवड नसते.

या पेचातून वाट असेल, तर ती शिरदाकाच्या रचनेतच सूचित झाली आहे. तेथे एका नमद्यातून जे काढले जाते, त्याची जागा दुसरा नमदा भरून काढतो. ज्या समाजाला वारसा हवा आहे, त्याने वारसा चालविणाऱ्या हातांना त्यांच्या वेळेचे पूर्ण मोल दिले पाहिजे, आणि नको म्हणण्याची मुभाही. एरवी जतन हे कौतुकाच्या शब्दांत केलेली वेठबिगारी ठरते.