उसने नाव आणि स्वतःचे वय

शनिवारची रात्र चढू लागली म्हणजे पुण्यातील कोरेगाव पार्क, मुंढवा, कल्याणीनगर किंवा मुंबईतील लोअर परळ या भागांतल्या पबांच्या दाराशी तरुणांची जी गर्दी लोटते, तिच्यात सतरा-अठरा वर्षांची मुलेमुलीही असतात, आणि त्यांतील कित्येकांच्या हाती थोरल्या भावाचे आधार कार्ड, मामेबहिणीचा वाहन परवाना किंवा वसतिगृहातल्या एखाद्या वडील मित्राचे ओळखपत्र असते, ही गोष्ट आता कोणापासून लपलेली नाही. दारावरचा बाउन्सर कार्डावरची जन्मतारीख पाहतो, छायाचित्रावरून समोरच्या चेहऱ्यावर क्षणभर नजर फिरवतो आणि वाट मोकळी करतो. हा प्रकार एकतर पोरवयातला खोडसाळपणा म्हणून सोडून दिला जातो, नाहीतर कायद्याच्या अंमलबजावणीतील त्रुटी म्हणून त्याची नोंद होते. परंतु त्याच्या मुळाशी धर्मविचारातील एक जुना आणि गंभीर प्रश्न आहे, आणि तो असा की, ‘तू कोण?’ म्हणून दारात विचारणा झाली असता, खरे उत्तर दिल्याने इच्छित वस्तू हातची जाणार हे पक्के ठाऊक असताना, मनुष्याने कोणत्या नावाने उत्तर द्यावे?

कायद्याची स्थिती प्रथम नीट सांगितली पाहिजे. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मद्यपान हा आपल्या राज्यात हक्क मानलेला नाही, परवान्याने मिळणारी ती एक मुभा आहे. राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने मादक पेयांच्या बंदीसाठी झटण्याचे कर्तव्य राज्यावर सोपविले आहे. आणि आजच्या नियमांप्रमाणे बिअरसाठी २१ व कडक मद्यासाठी २५ वर्षे पुरी व्हावी लागतात. यावर तरुणांची हरकत अशी की, १९८८ च्या ६१ व्या घटनादुरुस्तीने ज्याला अठराव्या वर्षी राज्यकर्ते निवडण्याचा अधिकार दिला, कायद्याने ज्याला एकविसाव्या वर्षी संसार मांडण्यास लायक ठरविले, त्याला आपल्या पेल्यात काय असावे हे ठरविण्यासाठी आणखी चार वर्षे थांबावयास लावणे हे कोणत्या न्यायाचे? शिवाय ज्या वडीलधाऱ्यांनी हा नियम केला, त्यांच्यापैकी पिणाऱ्या किती जणांच्या खिशात मद्यपानाचा परवाना असतो? ही हरकत उथळ नाही. वयाची कोणतीही रेषा मनुष्यानेच आखलेली असते. तिच्या अलीकडच्या दिवशी अविचारी असणारा मुलगा पलीकडच्या दिवशी विवेकी होतो, असे कोणीही म्हणणार नाही. मग ही रेषा आखावयाची तरी कशाला?

या प्रश्नाचे जे उत्तर महाभारताच्या आदिपर्वात आले आहे, त्याच्याइतके मार्मिक उत्तर मला अन्यत्र आढळले नाही. मांडव्य ऋषी मौनव्रत धरून बसले असता चोरांनी लुटीचा माल त्यांच्या आश्रमात दडविला, राजाच्या माणसांनी ऋषींनाच चोरांचे साथीदार समजून सुळावर चढविले, आणि पुढे धर्मराजापाशी त्यांनी आपल्या या यातनेचे कारण विचारले तेव्हा त्यांना सांगण्यात आले की, बालपणी त्यांनी पतंगांच्या शेपटांत गवताच्या काड्या खुपसल्या होत्या, त्या कर्माचे हे फळ. ते ऐकून ऋषी संतप्त झाले. अजाण वयातील कृत्यासाठी एवढी घोर शिक्षा देणाऱ्या प्रत्यक्ष धर्माला त्यांनी शाप दिला, आणि त्याच वेळी अशी मर्यादा घालून दिली की, चौदा वर्षांच्या आतील कृत्याचे पातक कोणालाही लागणार नाही. वयाची रेषा येथे कोणाला दाराबाहेर ठेवण्यासाठी आखलेली नाही. जो अजून स्वतःच्या कर्माचा भार पेलू शकत नाही त्याच्या मस्तकावर तो पडू नये म्हणून, स्वतः सूळ भोगलेल्या एका पुरुषाने ती करुणेने आखली आहे. आजचा बालन्यायाचा कायदाही याच करुणेचा वारस आहे. रेषा चौदाव्या वर्षी असावी की अठराव्या, एकविसाव्या की पंचविसाव्या, याविषयी देशकालपरत्वे वाद जरूर व्हावा. परंतु जी व्यवस्था मुलाला निषेध करते तीच त्याला अभय देते, आणि उसने कार्ड पुढे करणारा मुलगा निषेधाबरोबर ते अभयही नकळत झुगारून देत असतो, हे विसरता कामा नये.

आता या असत्याचे स्वरूप पाहू. बनावट कार्ड आणि उसने कार्ड यांत मोठा फरक आहे. बनावट दस्तऐवजात अक्षरे खोटी असतात. उसन्या कार्डावरचे प्रत्येक अक्षर खरे असते, ते सरकारने रीतसर दिलेले असते, त्यावरचे नाव, जन्मतारीख, पत्ता यांत रतिमात्र खोट नसते, आणि मुलाला तोंडाने एकही खोटा शब्द उच्चारावा लागत नाही. म्हणूनच त्याच्या मनाला हे असत्य टोचत नाही. परंतु द्रोणपर्वात अश्वत्थाम्याच्या मरणाची वार्ता सांगताना युधिष्ठिराने जे शब्द वापरले, तेही अक्षरशः असत्य नव्हते; त्या नावाचा हत्ती खरोखरच मारला गेला होता. तरीही, तोवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी खाली टेकला, असे व्यासांनी सांगितले आहे. सत्याचा निवाडा शब्दांवरून होत नाही; ऐकणाऱ्याच्या मनात आपण जाणूनबुजून कोणती समजूत उत्पन्न केली, यावरून तो होतो. खऱ्या वस्तूच्या आधाराने केलेली फसवणूक अधिक घातक असते, कारण आपण काही खोटे बोललो नाही, अशी पळवाट ती फसविणाऱ्याच्या विवेकाला देऊन ठेवते.

पण नियमच अन्यायाचा असेल तर? आपल्या परंपरेत दारात अडविल्या गेलेल्या दोन तरुणांच्या कथा आहेत, आणि दोघांनाही अन्यायच सोसावा लागला होता. कर्णाला जन्माच्या कारणावरून द्रोणांनी ब्रह्मास्त्र नाकारले. तो महेंद्र पर्वतावर परशुरामांकडे गेला आणि आपण भृगुकुळातील ब्राह्मण आहोत असे सांगून त्याने ती विद्या मिळविली. जाबालापुत्र सत्यकाम हारिद्रुमत गौतमांच्या आश्रमात गेला तेव्हा त्याला गोत्र विचारण्यात आले, आणि त्याने आईने सांगितले होते तसेच सांगून टाकले की, तारुण्यात अनेक ठिकाणी सेवा करीत असताना तिला हा पुत्र झाला, त्यामुळे गोत्र कोणते हे तिलाही माहीत नाही. एकाने उसने कुळ दिले, दुसऱ्याने स्वतःचे अज्ञान दिले. कर्णाची विद्या खरी होती, कष्ट खरे होते, गुरुसेवा तर इतकी खरी होती की मांडी पोखरणाऱ्या किड्याची वेदना त्याने हूं की चूं न करता सोसली. पण त्या सहनशक्तीनेच त्याचे बिंग फुटले आणि ऐन प्राणांतिक प्रसंगी अस्त्र स्फुरणार नाही असा शाप त्याच्या वाट्यास आला. गौतमांनी मात्र सत्यापासून ढळला नाही एवढ्याच गुणावर सत्यकामाला समिधा आणावयास सांगितले. या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे ध्यानात येते ते असे की, अन्याय्य नियमापुढे तोतयेगिरी करणारा त्या नियमाला धक्का लावीत नाही, उलट तो मान्य करून त्याच्या खालून निसटतो. आणि स्वतःच्या नावाने उभा राहणारा परीक्षकालाच आपली कसोटी बदलावयास भाग पाडतो.

याची साक्ष आपल्या इतिहासातही आहे. बालपणी झालेला विवाह न मानणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने नवऱ्याकडे जाण्याचा, न गेल्यास कैद भोगण्याचा हुकूम दिला, तेव्हा त्यांनी कैद पत्करण्याची तयारी उघडपणे दाखविली. त्या खटल्याने उठविलेल्या वादळातून संमतिवयाचा प्रश्न पुढे आला आणि १८९१ च्या कायद्याने ते वय दहावरून बारावर नेले. १९३० साली ज्यांनी मीठ उचलले त्यांनीही आपली नावे लपविली नाहीत. पंचविसाची अट ज्याला जाचक वाटते त्याने विधिमंडळाकडे अर्ज करावा, न्यायालयात दाद मागावी, वर्तमानपत्रांतून लिहावे. हे मार्ग लांबचे आहेत खरे, पण नियम बदलतो तो याच मार्गांनी. थोरल्या भावाच्या कार्डाने आजवर कोणताही कायदा बदललेला नाही.

येथे कोणी पांडवांच्या अज्ञातवासाचा दाखला देईल. युधिष्ठिरही विराटाच्या दरबारी कंक या नावाने राहिला, अर्जुन बृहन्नडा झाला; मग वेषांतर सर्वत्रच निंद्य कसे? उत्तर असे की, पांडवांनी कोणा जिवंत माणसाचे नाव घेतले नाही. त्यांनी जी रूपे घेतली ती अधिकार मिळविण्यासाठी नव्हती, असलेला अधिकार बाजूला ठेवण्यासाठी होती. आणि दिलेल्या वचनाच्या पूर्ततेसाठी पत्करलेला तो काळ सरताच ते आपल्या खऱ्या नावांनिशी प्रकट झाले. व्रत पाळण्यासाठी घेतलेले रूप आणि बंधन चुकविण्यासाठी उसने घेतलेले नाव यांची तुलना होऊ शकत नाही.

आणि उसने नाव कधीच फुकट मिळत नाही. पानिपतात पडलेल्या सदाशिवराव भाऊंच्या नावाने जो तोतया पुढे उभा राहिला, त्याला १७७६ साली देहान्त शासन होईपर्यंत कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले, सरदारांची मने दुभंगली, आणि ज्यांनी वैधव्य कधी स्वीकारलेच नव्हते त्या पार्वतीबाईंच्या आशेशी किती निर्दय खेळ झाला, याचा हिशेब कोण मांडणार? पबच्या दारातील मुलगा राज्य बुडविण्यास निघालेला नसतो, हे उघड आहे. तरीही त्या रात्री आत मारामारी झाली, कोणी बेशुद्ध पडला, पोलिसांचा छापा आला, तर नोंदवहीत जे नाव चढेल ते घरी अभ्यास करीत बसलेल्या भावाचे असेल. आणि बेशुद्ध मुलाला रुग्णालयात नेणारे लोक त्याच्या खिशातील कार्ड पाहून भलत्याच नावाने हाका मारतील. कार्ड देणाऱ्याला वाटते, आपण स्नेह केला. परंतु धर्मशास्त्राने सुरापानादी चार महापातके सांगून पाचवे महापातक त्यांच्या कर्त्याशी केलेला संसर्ग हे सांगितले, त्याचा आशय हाच की, पापाला वाट करून देणारा स्वतः प्याला नाही म्हणून निर्लेप राहत नाही. मित्राला आपले पुस्तक द्यावे, पैसे द्यावे, वेळ द्यावा. आपले नाव देऊ नये, कारण त्या नावाने होणाऱ्या कृत्यांचे उत्तर देण्याची शक्ती आपण त्याला देऊ शकत नाही.

मात्र सगळा दोष मुलांच्या माथी मारून मोठ्यांना मोकळे होता येणार नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात भरधाव मोटारीखाली दोन तरुण अभियंत्यांचा बळी गेला. मोटार चालविणारा मुलगा अठरा वर्षांचाही नव्हता, आणि त्यापूर्वी त्याला वयाची खातरजमा न करताच मद्य देण्यात आले होते, असे पोलिसांचे म्हणणे आहे. पुढे रक्ताच्या तपासणीत त्याच्या नमुन्याच्या जागी दुसऱ्याचे रक्त ठेवण्यात आले, असाही आरोप वडीलधाऱ्यांवर ठेवला गेला. या आरोपांचा निवाडा न्यायालये करतील. पण ते वाचणाऱ्या प्रत्येक आईबापाने स्वतःला विचारावे की, संकटात आपल्या मुलाने स्वतःच्या नावाने उभे राहावे, की दुसऱ्याच्या आड लपावे, यांपैकी कोणता धडा आपण त्याला रोजच्या वागण्यातून देत आहोत? शाळेच्या प्रवेशासाठी पत्ता बदलणारे, अर्ध्या तिकिटासाठी मुलाचे वय कमी सांगणारे आणि ते त्याच्यादेखत सांगणारे आपणच असतो.

मोठ्यांनी काय करावे, याचा आदर्श शुक्राचार्यांनी घालून दिला आहे. असुरांनी त्यांच्या शिष्याला, कचाला, मारून, जाळून त्याची राख सुरेत मिसळली आणि ती सुरा गुरूलाच पाजली. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्यांनी केवळ असुरांना दोष दिला नाही, ज्या पेयाने आपल्यासारख्या ज्ञात्याचेही भान हरपले त्याविषयी त्यांनी स्वतःच्या वर्गापासून आरंभ करून मर्यादा घातली. आणि तो कच शत्रूच्या गुरूकडे संजीवनी विद्येसाठी आला होता, तरी त्याने पहिल्याच भेटीत आपण बृहस्पतीचा पुत्र आहोत, असे सांगितले होते. ज्या विद्येसाठी आला ती त्याला अखेर मिळाली.

वयात येणे म्हणजे काय, याचे उत्तर जन्मतारखेने अर्धेच मिळते. जो दारात आपले खरे नाव व खरे वय सांगून मागे फिरू शकतो, तो त्याच क्षणी थोडा मोठा झालेला असतो, मग त्याचे वय सतरा असो. आणि जो दुसऱ्याच्या नावाने आत शिरतो, तो आत जाऊन काही प्यायला नाही तरी, आपण अजून आपल्या पायांवर उभे राहिलेलो नाही असा दाखला स्वतःच देत असतो. म्हणून थोरल्या भावंडांना माझी विनंती आहे की, धाकट्याच्या हट्टापायी त्यांनी आपले कार्ड कधीही देऊ नये. पबच्या मालकांनी गल्ल्याकडे पाहून दाराकडे डोळेझाक करू नये. आईबापांनी स्वतःच्या लहानसहान असत्यांचा आधी बंदोबस्त करावा. आणि तरुणांना एवढेच सांगणे आहे: पंचविसावे वर्ष कोणासाठी थांबत नाही, ते तुमच्याकडेही येईल. ते येईपर्यंत तुमचे नाव तुमच्याच हाती, स्वच्छ, राहू द्या.