शोधनिबंध कोणाचा?

सिनेमाच्या पायरसीबद्दल माझ्या मनात गोंधळ नाही. २०१६ मध्ये ‘सैराट’ गावोगावच्या मोबाइलवर फुकट फिरत होता, तेव्हा कोणाच्या खिशातून काय जातंय ते उघड दिसत होतं. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने अशा चोरीला तीन महिने ते तीन वर्षं कैद आणि निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड ठेवला. शिक्षा जड वाटते, पण तिच्यामागचा राग समजतो.

तोच राग शोधनिबंधाच्या बाबतीत मला येत नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शोधनिबंध फुकट वाचायला देणारं ‘साय-हब’ हे संकेतस्थळ देशभर बंद करण्याचा आदेश दिला. कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाकियान यांनी २०११ मध्ये ते सुरू केलं होतं. एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी या प्रकाशकांनी २०२० च्या डिसेंबरात दावा लावला. साय-हबवर नवे निबंध चढवणार नाही, अशी हमी एल्बाकियान यांनी न्यायालयाला दिली होती आणि ती मोडल्याचा आरोप झाला. न्यायालयाला दिलेला शब्द पाळायलाच हवा, तिथे सबब चालत नाही. पण निबंध लिहिणाऱ्या प्राध्यापकाला प्रकाशक मानधन देत नाही, तपासणाऱ्यालाही सहसा देत नाही. त्यांचा पगार आणि प्रयोगशाळेचा खर्च पुष्कळदा करदात्याच्या पैशातून झालेला असतो. वाचायला मात्र त्याच करदात्याने पुन्हा पैसे मोजायचे.

सरकारने यावर उपाय काढला तो ‘एक देश, एक सदस्यता’ योजनेचा. १ जानेवारी २०२५ पासून तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. दावा लावणारे तिन्ही प्रकाशक या यादीत आहेत. योजना खरोखर मोठी आहे, पण पहिल्या टप्प्यात ती फक्त सरकारी संस्थांसाठी आहे.

आता नागपूरच्या हिंगणा रोडवर या. वानाडोंगरीला यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय, डिगडोहला लता मंगेशकर रुग्णालय आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालय. दोन्ही खासगी. नागपुरातल्याच सरकारी व्हीएनआयटीच्या किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या विद्यार्थ्याला जो निबंध सरकारी खर्चाने उघडतो, तो इथल्या पोरापोरींना कॉलेजने स्वतः सदस्यता घेतली असेल तरच मिळणार. एमआयडीसीतल्या लहान कारखान्यातला तंत्रज्ञ तर कुठल्याच यादीत बसत नाही. डिगडोहच्या ओपीडीत येणारा रुग्ण हिंगणा तालुक्यातला गरीब शेतकरी असला, तरी त्याला तपासणाऱ्या शिकाऊ डॉक्टरची वाचायची सोय कॉलेजच्या मालकीवर ठरते.

मग चोरून वाचावं का? मी ‘हो’ म्हणणार नाही. मूळ लेखकाला ईमेल करून प्रत मागता येते, बरेच लेखक आनंदाने पाठवतात. पण सकाळी वॉर्डात उभं राहायचं असेल तर रात्री अमेरिकेतल्या प्राध्यापकाच्या उत्तराची वाट बघत बसणं ही काय सोय झाली? अशा पोराला आणि सिनेमाच्या प्रती विकणाऱ्या टोळीला एकाच तराजूत तोलायला माझं मन धजत नाही. आपला कॉपीराइट कायदासुद्धा कलम ५२ मध्ये खासगी अभ्यासासाठी आणि संशोधनासाठी रास्त वापराची मुभा देतो.

सरसकट बंदीने आणखी एक गोष्ट होते. साय-हबवर मुळातच सर्वांसाठी खुले असलेले निबंधही होते, तेही त्याच दाराआड गेले. २०१६ मध्ये ‘ढिशूम’ सिनेमाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी अख्खी संकेतस्थळं बंद करायला नकार दिला होता. निर्मात्याने एकेक दुवा पडताळून दाखवावा आणि बंद केलेल्या पानावर ते का बंद आहे, दाद कुठे मागायची हे लिहिलेलं असावं, असा त्यांचा आग्रह होता. तेव्हा निर्मात्यांना ही कटकट वाटली असणार. पण पडताळणीचा भार बंदी मागणाऱ्यावर टाकण्याची ती पद्धत मला आजही जास्त न्याय्य वाटते. सिनेमासाठी एवढी काळजी घेता येत असेल, तर वैद्यकाच्या निबंधासाठी ती का घेऊ नये, हे डिगडोहच्या विद्यार्थ्यांना कोणी तरी समजावून सांगावं.