धनी की राखणदार?

वस्तू विकत घेतली म्हणजे ती वापरण्याचा हक्क मिळतो, हे उघड आहे. पण वापरली तर जिचे मोल घटते आणि नुसती ठेवली तर वाढते, अशी वस्तू हाती आल्यास मनुष्याने काय करावे? थोड्याच संख्येने निघालेल्या, अतिवेगवान आणि फारशा न धावलेल्या मोटारींच्या मालकांपुढे हा प्रश्न नेहमीच उभा असतो. आपल्यापैकी कोणाच्या दारात अशी मोटार नसेल. तरी प्रश्न ओळखीचा आहे. ट्रंकेत जपलेली पैठणी घडीवरच विरते, हे कोणत्या घरात ठाऊक नाही?

इंग्लंडातील मॅक्लारेन कंपनीने 1990 नंतरच्या दशकात 'एफ-वन' नावाची मोटार काढली. तिचा रचनाकार गॉर्डन मरे. चालकाचे आसन मधोमध, आणि दोन सोबती त्याच्या दोन्ही बाजूंना किंचित मागे. अशा सगळ्या मिळून 106च गाड्या झाल्या. 1998 साली त्यांतील एकीने ताशी 386 किलोमीटरांचा वेग गाठला. 1995 सालची दुसरी एक गाडी 2021 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत लिलावात निघाली, तेव्हा तिचे धावणे 400 किलोमीटरही झाले नव्हते. म्हणजे तासाभराची मजल तिने 26 वर्षांत मारली! आणि तिला 2 कोटी डॉलरांहून अधिक किंमत आली.

येथे धन्याचा पैसा जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाचा दृष्टांत कोणालाही आठवेल, व शब्बाथ शाळेच्या वर्गात तो चटकन लावूनही टाकता येईल. पण जरा थांबावे. त्या दासाला पुरलेल्या पैशावर काहीच मिळाले नाही. येथे पुरून ठेवणे हाच व्यापार झाला आहे, आणि तोही भरभराटीचा. तेव्हा दोष असलाच तर तो आळसाचा नव्हे. आजचा मालक गाडी चालवीत नाही, कारण उद्याच्या गिऱ्हाइकाला न चाललेली गाडी हवी आहे. ते गिऱ्हाईकही ती चालवणार नाही, कारण त्याच्यामागून तिसरे येणार आहे. जो तो दुसऱ्यासाठी राखण करतो, आणि ज्याच्यासाठी ही राखण चालली आहे तो कधी येतच नाही.

कोणी म्हणेल, एवढा काथ्याकूट कशाला? गाडी विकावी आणि पैसा गोरगरिबांना द्यावा. उत्तम, ज्याला साधेल त्याने अवश्य करावे. पण त्याने गाडी नाहीशी होत नाही. तिच्याबरोबर हा प्रश्नही नव्या मालकाच्या घरी जातो.

106 पैकी एखादी तरी गाडी कारखान्यातून निघाली तशीच पुढच्या पिढीला पाहावयास मिळावी, ही इच्छा वाईट नाही. जुनी हस्तलिखिते आपणही रोज हाताळीत नाही. मात्र मोटार नुसती ठेवल्याने टिकत नाही. पेट्रोल शिळे होऊन चिकट गाळ धरते, ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते, रबर सुकते, टायर न झिजताही कडक होतात. अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालू करून समाधान मानणारे तर अधिकच नुकसान करतात, कारण इंजिन पुरते तापत नाही आणि आत धरलेला ओलावा तेलातच राहतो. 2013 साली कॅलिफोर्नियात पॉल वॉकर हा नट आणि गाडी चालविणारा त्याचा मित्र ज्या पोर्शे मोटारीत मृत्यू पावले, तिच्या अपघाताचे कारण तपासात अतिवेग हेच ठरले. पण टायर नऊ वर्षांचे जुने होते, याचीही नोंद झाली.

वापरणाराही अर्थात निर्धोक नसतो. मुलांना 'मिस्टर बीन' म्हणून ठाऊक असलेला नट रोवन अ‍ॅटकिन्सन याने 1997 साली एफ-वन घेतली व ती सरळ वापरली. दोनदा अपघात झाले. 2011 साली तर गाडी झाडावर आदळून पेटली, त्याच्या खांद्याला दुखापत झाली, आणि दुरुस्तीला सुमारे 9 लाख पौंड लागले. दुसरे कोणी आड आले नाही, ही देवाची दयाच. गाडी नीट झाल्यावर तो ती पुन्हा चालवू लागला. 2015 साली त्याने ती विकली तेव्हा तिचे 41,000 मैल झाले होते, तरी खरेदीच्या कितीतरी पट किंमत आली. पण किंमत आली म्हणून त्याचे वागणे बरोबर ठरले, असे म्हणणाऱ्याने प्रश्न पुन्हा बाजाराच्याच तराजूत टाकला. निम्मी किंमत आली असती, तर ती 18 वर्षे वाया गेली असे आपण म्हटले असते काय?

मग गाडी किती चालवावी? मैलांचा आकडा ठरवून देणे मला पटत नाही. गाडी बाहेर न काढण्याचे कारण काय, हे मालकाने दर वेळी स्वतःला विचारावे. पाऊस आहे, रस्त्यावर मुलांची वर्दळ आहे, टायर जुने झाले आहेत, ही कारणे खरी आहेत. ती दुसऱ्यांच्या जिवाशी निगडित आहेत, आणि तेव्हा गाडी आतच राहू द्यावी. पण मीटरचा आकडा पुढे सरकेल एवढेच कारण असेल, तर किल्ली घ्यावी, शेजारच्या दोन आसनांवर बसायला कोणाला तरी हाक मारावी, आणि इंजिन चांगले तापेल इतके दूर जाऊन यावे.