वारसाची वाट पाहणारे

राजेशाहीवर टीका करणाऱ्यांनी राजांचे दोष पुष्कळ सांगितले आहेत. प्रजेचा दोष मात्र फारसा कुणी सांगत नाही. तो दोष म्हणजे वारसाची वाट पाहत बसण्याचा. गादीवरचा राजा वाईट असेल तर युवराज बरा निघेल, युवराज बिघडलेला असेल तर नातू तरी सुधारेल, अशी आशा प्रत्येक राज्यात पिढ्यानपिढ्या चालत आलेली दिसते. ही आशा भाबडी ठरवून बाजूला सारणे सोपे आहे. पण ती कधीकधी खरी ठरते, आणि सगळी अडचण तिथेच आहे. नेहमी फसणारी आशा माणूस कधी ना कधी सोडून देतो. क्वचित फळणारी आशा मात्र त्याला जन्मभर बांधून ठेवते. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे की, येणारा वारस राजसत्ता खरोखर बदलू शकतो काय, आणि तो बदलू शकत असेल तर त्याची वाट पाहणे नीतीच्या दृष्टीने कितपत योग्य आहे?

या प्रश्नाचा विचार भिलाईत करावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. भिलाईला गादी नाही, राजवाडा नाही, कुलदैवताची छबिन्यासह निघणारी स्वारी नाही. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, आणि भारताच्या सगळ्या प्रांतांतून आलेल्या माणसांचे हे शहर उभे राहिले. त्यांत मराठी माणसेही होती. पण ज्या भूमीवर हे शहर उभे आहे ती भूमी मराठी राजसत्तेला अपरिचित नव्हती. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजेने रतनपूर जिंकले. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून छत्तीसगड सांभाळला. शिवाय भिलाईच्या पश्चिमेला राजनांदगाव आहे, वायव्येला खैरागड आहे आणि दूर दक्षिणेला बस्तर आहे. गादीचे इतके निरनिराळे शेवट एवढ्या थोड्या मुलखात क्वचितच पाहायला मिळतील.

प्रथम नागपूरची गोष्ट घेऊ. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी निपुत्रिक वारले. त्यांनी हयातीत दत्तक घेतलेला नव्हता, आणि त्यांच्या पश्चात राण्यांनी दत्तक घ्यावा ही गोष्ट लॉर्ड डलहौसीला मान्य नव्हती. पाच वर्षांपूर्वी, १८४८ साली, साताऱ्यात तर मृत्यूपूर्वी दत्तक घेतलेला असूनही राज्य खालसा झाले होते. १८५४ साली नागपूर खालसा झाले आणि त्याबरोबर छत्तीसगडही कंपनीकडे गेला. वृद्ध बांकाबाईंनी केलेला विरोध व्यर्थ गेला. आपल्या इतिहासलेखनात या घटनेकडे अन्याय म्हणून पाहिले जाते, आणि तो अन्याय होताच. दत्तकाला औरस पुत्राचे सर्व अधिकार देणारे आपले धर्मशास्त्र परक्याने आपल्या सोयीने वाचले. यातून एक गोष्ट मात्र उघडी पडते: वारस कोण, हे ठरवण्याचा अधिकार ज्याच्या हाती, खरा राजा तोच. आणि आणखी एक गोष्ट. रतनपूर पडले तेव्हा छत्तीसगडच्या शेतकऱ्याला कुणी विचारले नव्हते. नागपूर खालसा झाले तेव्हाही कुणी विचारले नाही. गादीला वारस होता तेव्हा आणि नव्हता तेव्हा, दोन्ही वेळा हा माणूस न विचारलेलाच राहिला.

आता आशेच्या बाजूचे सर्वांत बलवान उदाहरण पाहू. मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केल्यानंतर १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा एक बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला. हेच सयाजीराव. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या या मुलाने सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात लागू केले. गावोगाव ग्रंथालये नेली. वाट पाहणाऱ्या प्रजेला याहून चांगला वारस कोणता मिळायचा? पण १९३९ साली तीच गादी त्यांचे नातू प्रतापसिंहराव यांच्याकडे आली. बडोद्यात द्विभार्याप्रतिबंधक कायदा असताना १९४३ साली खुद्द महाराजांनीच दुसरा विवाह केला. खजिन्याच्या विनियोगावरून वाद वाढले आणि १९५१ साली भारत सरकारने त्यांना पदावरून दूर केले. आजोबांच्या इच्छेनुसार १९४९ साली बडोद्यात विद्यापीठ स्थापन झाले, तेही याच नातवाच्या कारकिर्दीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरीही घराणे तेच, गादी तीच असताना एका वारसाने जे कमावले ते दुसऱ्याच्या स्वाधीन असावे, ही व्यवस्थेची दुर्बळताच होय. सयाजीरावांच्या कार्यातले जे शाळेत आणि ग्रंथालयात, म्हणजे लोकांच्या हातात गेले, ते टिकले. जे गादीपाशी राहिले ते गादीवर बसणाऱ्याच्या स्वभावावर अवलंबून राहिले.

कुणी म्हणेल की दोष रक्ताच्या वारशाचा आहे; गुणांनी निवडलेला वारस असेल तर हा धोका टळेल. या शंकेचे उत्तर राजनांदगावच्या इतिहासात सापडते. हे संस्थान वैष्णव बैराग्यांचे. महंत ब्रह्मचारी असत आणि त्यांच्यामागे गादी शिष्याकडे जाई. राजसत्ता जन्मावरून नव्हे, दीक्षेवरून ठरावी, याहून उदात्त कल्पना कोणती? पण रायपूरच्या संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे त्या महंत घासीदासांना १८६५ साली ब्रिटिशांनी मांडलिक संस्थानिक म्हणून मान्यता दिली, आणि पुढे त्यांच्यामागे त्यांचे पुत्र बलरामदास गादीवर आले. गुरुशिष्यपरंपरा पितापुत्रपरंपरा झाली. यात कुणा एकाचे अधःपतन शोधण्याचे कारण नाही. सत्ता हाती असली की ती आपल्या माणसाकडे जावी ही ओढ मठाच्या भिंतींनाही थोपवता येत नाही, एवढाच याचा अर्थ. वारस निवडण्याची रीत कितीही बदलली, तरी ज्याची वाटणी करायची ती वस्तू तशीच राहिली तर रीत वस्तूला शरण जाते.

मग राजसत्ता बदलते ती कधी? माझ्या मते, पुढचा वारस चांगला असण्याची गरजच उरू नये अशी व्यवस्था गादीवरचा माणूस स्वतः करतो तेव्हा. याचे उदाहरण साताऱ्याच्या शेजारी, औंधला घडले. श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ साली आपले अधिकार प्रजेला देण्याचे जाहीर केले. राजपुत्र आप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांचा यात मोठा वाटा होता. गांधीजींचा सल्ला घेऊन तयार झालेली राज्यघटना १९३९ साली अमलात आली आणि ग्रामपंचायत हा तिचा पाया ठरला. औंध लहान होते, खेडी विखुरलेली होती, आणि १९४८ साली संस्थान विलीन झाल्यामुळे प्रयोगाला जेमतेम नऊ वर्षे मिळाली. पण येथे एक नवी गोष्ट घडली: राजपुत्राने बापाकडे राज्य मागितले, ते स्वतःसाठी नव्हे. वारसाने वारसाच नाकारावा आणि बापाने ते आनंदाने मान्य करावे, असे प्रसंग राजघराण्यांच्या इतिहासात थोडे आहेत.

याच जातीचा एक अलीकडचा प्रसंग भूतानचा. चौथे राजे जिग्मे सिंग्ये वांगचुक यांनी २००६ साली गादी पुत्राच्या स्वाधीन केली, आणि २००८ साली निवडणुका होऊन राज्यघटना स्वीकारली गेली. पासष्टाव्या वर्षी राजाने पायउतार व्हावे असे या घटनेत लिहिले आहे, आणि राजाला दूर करण्याची तरतूदही आहे. त्या वेळी पुष्कळ भूतानी लोकांना हा बदल नको होता. आमचा राजा चांगला असताना हे कशाला, असे ते म्हणत. राजाला जे दिसत होते ते प्रजेला दिसत नव्हते. चांगल्या राजाच्या काळातच वाईट राजाचा बंदोबस्त करावा लागतो. वाईट राजा आल्यावर ते करणारा कुणी उरत नाही. नेपाळात राजपरिवाराचे हत्याकांड २००१ साली झाले आणि २००८ साली राजेशाहीच संपली, हे शेजारचे उदाहरण पाहिले म्हणजे भूतानच्या राजाची दूरदृष्टी कळते.

या विवेचनावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. तो आक्षेप बस्तरचा आहे. महाराज प्रवीरचंद्र भंजदेव यांची मान्यता १९६१ साली सरकारने काढून घेतली आणि ती त्यांच्या धाकट्या भावाला दिली. बस्तरच्या आदिवासींनी ती अदलाबदल मनाने स्वीकारली नाही. त्याच वर्षी लोहंडीगुड्यात गोळीबार झाला. २५ मार्च १९६६ रोजी जगदलपूरच्या राजवाड्यात पोलिसांच्या गोळीबारात प्रवीरचंद्र आणि त्यांच्यासोबतचे आदिवासी मारले गेले. त्या माणसांना कुणी सांगितले असते की वारसाची वाट पाहणे हा प्रजेचा दोष आहे, तर त्यांनी काय उत्तर दिले असते? ज्या लोकशाहीने जंगल आणि जमीन यांबाबत त्यांचे ऐकले नाही, तिच्यापेक्षा दंतेश्वरीच्या पुजाऱ्याच्या जागी असलेला राजा त्यांना जवळचा वाटला. तो अज्ञानाचा भाग म्हणणे उद्धटपणाचे होईल. खरी गोष्ट अशी की, संस्था जेथे माणसापर्यंत पोहोचत नाही तेथे माणूस माणसाकडे जातो, आणि तो माणूस गेला की त्याच्या वारसाची वाट पाहतो. म्हणजे वारसाची वाट पाहणाऱ्या प्रजेचा दोष हा निम्मा तिचा असतो; निम्मा, तिला दुसरे दार न ठेवणाऱ्यांचा असतो.

पण दुसरे दार ठेवता येते, याचे पुरावे भिलाईच्या आसपासच आहेत. खैरागडचे राजे वीरेंद्रबहादुर सिंह आणि राणी पद्मावतीदेवी यांची कन्या इंदिरा अकाली वारली. तिच्या नावाने १९५६ साली त्यांच्या राजवाड्यात संगीताचे आणि कलांचे विद्यापीठ सुरू झाले. मुंबईचे श्रीकृष्ण नारायण रातंजनकर त्याच्या सुरुवातीच्या काळात कुलगुरू होते. राजनांदगावच्या किल्ल्यात दिग्विजय महाविद्यालय आले. घरची भाषा मराठी असलेले हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोध १९५८ पासून तेथे शिकवीत होते आणि त्याच जुन्या वास्तूच्या एका भागात राहत होते. जी कन्या गादीवर कधी बसली नसती, तिच्या नावाने आज कुणाचीही मुलगी सतार शिकते. आणि महंतांच्या वास्तूत पगारावर जगणाऱ्या एका अध्यापकाने कविता लिहिल्या. १९७१ साली सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे आणि मान्यता संपली, पण या दोन वाड्यांचे वारस त्याआधीच ठरून गेले होते. ते मोजता येत नाहीत आणि त्यांच्यात वाटणीचा खटलाही होत नाही.

अर्थात हेही विसरता येत नाही की, खैरागडच्या राजघराण्यातील माणसे पुढे राजनांदगाव मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेली. ती रीतसर मते मिळवून गेली. त्यात गैर काही नाही. पण मत देताना मतदाराच्या मनात काय होते, हा प्रश्न उरतो. देशभर पाहिले तर पित्याची जागा पुत्राला, पतीची पत्नीला, काकाची पुतण्याला, हा क्रम आता राजवंशांपुरता राहिलेला नाही. ज्यांचे आजोबा सामान्य घरातले होते त्यांच्याही नातवांना आपण युवराज म्हणू लागलो आहोत. कायद्याने गादी मोडता येते. वारसाकडे लागलेली नजर कायद्याने हटवता येत नाही.

भिलाई हे शहर या बाबतीत एक कसोटी आहे. येथे आलेल्या पहिल्या पिढीने मागे काही तरी सोडले होते: कुणी वतन, कुणी जातीचा धंदा, कुणी नुसतेच घराण्याचे नाव. भट्टीसमोर उभा राहणारा माणूस कुणाचा मुलगा आहे हे वितळलेल्या लोखंडाला कळत नाही. त्याला काम येते की नाही एवढेच कळते. अशा शहरातही बापाच्या जागी मुलगा लागावा, मंडळाच्या अध्यक्षामागे त्याचाच पुत्र यावा, ही इच्छा उगवतेच. ती ममतेतून येते, म्हणून तिच्यावर रागावणे कठीण. पण ममता आणि हक्क यांतली रेषा जिथे पुसते, तिथे एक लहानशी गादी तयार होते, आणि तिच्याभोवती वाट पाहणारी लहानशी प्रजाही.

उद्याचा राजा कसा असेल, हा प्रश्न राजेशाहीने आपल्याला शिकवला. तो विचारणे वाईट नाही. पण तो पहिला प्रश्न नव्हे. उद्याचा राजा कसाही निघाला तरी आपले कशावाचून अडणार नाही, हे आजच ठरवणे ही पहिली गोष्ट. औंधच्या बापलेकांनी ते ठरवले, म्हणून त्यांचे राज्य गेल्यावरही त्यांचे नाव आदराने घेतले जाते. ज्यांच्याकडे सोडायला राज्य नाही, त्यांच्याकडे सोडण्यासारखी एक गोष्ट उरते, ती म्हणजे वाट पाहणे.