न फुंकलेली नळी

मेहुण्याच्या हळदीत दिनकरच्या पोटात चार पेग गेले. निघताना सासऱ्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. "जावईबापू, आजची रात्र थांबा. सकाळी जा."

"मामा, रस्ता पायाखालचा आहे," म्हणत दिनकरने गाडी सुरू केली. शेजारी बायको, मागे सहा वर्षांची छकुली. तिचे तळवे अजून हळदीने पिवळे होते.

सिन्नरच्या अलीकडे नाकाबंदी लागली. हवालदाराने पाकीट फोडून कोरी नळी काढली, यंत्राला लावली आणि खिडकीशी धरली. "फुंका."

दिनकरला मित्राचा सल्ला आठवला. फुंकायचंच नाही, आकडा नाही तर केस नाही. हा सल्ला मीही टपऱ्यांवर अनेकदा ऐकलाय, आणि दर वेळी जीव घाबरा होतो. दिनकरने मान फिरवली.

मागून आवाज आला, "बाबा, मी फुंकू? मला येतं!"

हवालदाराने यंत्र खाली घेतलं. बायकोने पदर तोंडाला लावला.

श्वास द्यायला नकार देणाऱ्याला वॉरंटाशिवाय अटक करता येते. दिनकरला जीपमध्ये बसवलं. गाडी न्यायला सासऱ्यांनी माणूस धाडला, तोवर मायलेकी रस्त्याच्या कडेला थांबल्या. सरकारी दवाखान्यात रक्त द्यायलाही तो तयार होईना. डॉक्टरांनी बळजबरी केली नाही. तोंडाचा वास, लाल डोळे, अडखळती चाल, एवढं कागदावर लिहून घेतलं.

चार दिवसांनी वकिलांनी मोटार वाहन कायद्याचं पुस्तक त्याच्यापुढे सरकवलं. "१०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर दारू निघाली की कलम १८५. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड, नाहीतर दोन्ही."

"पण माझा आकडाच नाही!"

"म्हणून तर २०५ वाचा. सबळ कारण नसताना चाचणी नाकारली, तर तो नकारच तुमच्याविरुद्धच्या पुराव्याला बळ देणारा धरता येतो. तुम्ही पुरावा लपवला नाहीत दिनकरराव, हाताने नेऊन दिलात."

दिनकर बराच वेळ ते पान बघत राहिला. त्या रात्री वाटेत कुणी आडवं आलं नाही, हे नशीब. पण अपघात झाला नाही म्हणून गुन्हाही झाला नाही, हा हिशेब मला मान्य नाही. मागच्या सीटवर छकुली होती.

ती रोज विचारायची, "बाबा, तू का नाही फुंकलंस?" तो विषय बदलायचा.

कोर्टात न्यायाधीशांनीही नेमकं तेच विचारलं. वकील उठायला लागले. दिनकरने त्यांना हातानेच थांबवलं.

"साहेब," तो म्हणाला, "आकडा काय येणार, ते मला ठाऊक होतं."