कोठार रिकामं होतं

घर दूर राहिलं की माणसं एकमेकांना बिलगून राहतात. पण म्हणून कुणाला धरून ठेवावं का?

‘स्टार ट्रेक: व्हॉयेजर’ ही अमेरिकी मालिका १९९५ साली सुरू झाली. व्हॉयेजर हे यान आकाशगंगेच्या पार दुसऱ्या टोकाला फेकलं जातं. परतायला जन्म पुरणार नाही. त्यात यानावर बंडखोर आणि त्यांना पकडायला निघालेले, दोघेही एकत्र.

मालिकेच्या एका भागात, एका ग्रहावर त्यांना माणसांची वस्ती भेटते. शहरं फार सुंदर, असं सांगतात. कॅप्टन कॅथरीन जेनवे म्हणते, ज्याला इथे राहायचंय त्यानं राहावं. फार जण उतरले तर यान चालवणंच अवघड. हे तिला ठाऊक असतं. तरी ती कुणाला धरून ठेवत नाही. राहणाऱ्यांनी यानातल्या मालाच्या कोठारात जमायचं ठरतं. ती धास्तावून तिथे जाते. दार उघडतं.

आत कुणीच नाही.

त्याच भागात, खऱ्या जगात बेपत्ता झालेली वैमानिक अमेलिया एअरहार्ट त्या ग्रहावर भेटते. ती तिथेच राहते. तिलाही कुणी धरून ठेवत नाही, बोलही लावत नाही.

श्रोतेहो, तुमच्या घरातलं, मंडळातलं कुणी निघायचं म्हणत असेल, तर आज त्याच्याजवळ बसा. धरून ठेवू नका. त्याला काय हवंय, ते विचारा.