रिंगण, प्रयोग आणि पाहणारा

पराभूताने आपल्याच पराभवाचा प्रयोग मोबदला घेऊन करावा काय, हा प्रश्न वरवर पाहता पराभूताच्या स्वाभिमानाचा वाटतो. वस्तुतः तो पाहणाऱ्याच्या नैतिकतेचाही आहे, आणि म्हणूनच तो साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो, असे येथे मांडायचे आहे.

विल्यम कोडी ऊर्फ बफेलो बिल याने १८८३ मध्ये 'वाइल्ड वेस्ट' हा फिरता रिंगणी खेळ सुरू केला. अमेरिकेच्या सरहद्दीवरील चकमकी, टपालगाडीवरचे हल्ले, मूळ रहिवाशांची घोडदौड असा त्याचा ऐवज होता. १८८७ मध्ये लंडनला तो राणी व्हिक्टोरियानेही पाहिला. अशा खेळांची त्या काळातली कोरीवचित्रे पाहताना एक गोष्ट जाणवते. आम्लाने कोरलेली रेषा घोड्याचे ताणलेले स्नायू, पिसांचे शिरोभूषण, बंदुकीचा धूर हे सारे आवडीने टिपते; प्रेक्षक मात्र बहुधा कडेच्या चार-दोन फटकाऱ्यांत उरकलेले असतात. तिकीट काढून बसलेला माणूस असा पुसट झाला की समोरचा प्रयोग 'इतिहास' वाटू लागतो.

लाकोटांचा नेता सिटिंग बुल १८८५ च्या हंगामात या खेळात होता. डिसेंबर १८९० मध्ये तो मारला गेला आणि त्याच महिन्यात वुंडेड नी येथे लाकोटांचे हत्याकांड झाले. पुढच्याच वर्षी कैदेतील काही लाकोटांना कोडीच्या युरोपदौऱ्यावर जाण्यासाठी सोडण्यात आले. तुरुंग की रिंगण, एवढाच पर्याय ज्याच्यापुढे आहे त्याच्या संमतीला संमती म्हणावे काय? तथापि उत्तर एकेरी नाही. ज्या वेशावर, नृत्यावर सरकारी अधिकाऱ्यांचा रोष होता, ते रिंगणात तरी जिवंत राहिले. वेतन मिळाले, प्रवास घडला. अवमान आणि जगण्याची वाट या दोन्ही गोष्टी तेथे एकत्र नांदत होत्या. संहिता मात्र त्यांची नव्हती. रोजच्या खेळात हल्ला त्यांनी करायचा आणि हरायचेही त्यांनीच, हे आधीच ठरलेले होते.

या ठिकाणी कौशल्याचा खेळ आणि ओळखीचा खेळ असा भेद करणे उपयुक्त ठरेल. विष्णुपंत छत्रे यांनी मुंबईत आलेल्या इटालियन सर्कशीपासून स्फूर्ती घेऊन १८८० मध्ये भारतीय सर्कस उभी केली. तेथे घोडेस्वाराची कसरत पाहिली जाई. तो कोण, हा प्रश्न दुय्यम होता. परंतु दोरावरून चालणे, कोलांट्या घेणे हेच आपल्याकडे डोंबारी-कोल्हाटी पिढ्यान्‌पिढ्या करीत आले होते. ब्राह्मण कुटुंबातल्या छत्र्यांच्या तंबूत ती कला ठरली, अभिमानाचा विषय झाली. गावच्या चौकात ती 'जातीचा धंदा' राहिली. तेव्हा कौशल्य कोठे संपते आणि ओळख कोठे सुरू होते, हे बव्हंशी पाहणारा ठरवतो. वाइल्ड वेस्टच्या प्रेक्षकांनी केले ते आपणही, अमेरिकेला न जाता, करीत आलो आहोत.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाचे महत्त्व या संदर्भात लक्षात घेतले पाहिजे. जिच्या नाचण्यावर इतरांची नजर खिळलेली असते, त्या स्त्रीचा मुलगा येथे स्वतः बोलतो आणि आईचे नाव आपल्या नावात धारण करतो. कोरीवचित्रात जी कड धूसर राहते, ती येथे उजेडात येते: सुपारी देणारा, शौक करणारा, पाठ फिरवणारा प्रतिष्ठित. प्रयोग करणाऱ्याच्या हाती संहिता आली की रिंगणाची दिशाच बदलते. औरंगाबादहून (आताचे छत्रपती संभाजीनगर) गंगाधर पानतावणे यांनी चालवलेल्या 'अस्मितादर्श'चे मोलही केवळ नवे लेखक पुढे आणण्यात नाही. लिहिणाऱ्यांना स्वतःचे व्यासपीठ मिळाले, म्हणजे रिंगणाची मालकी बदलली, हे त्याहून मोठे आहे.

परंतु संहितेचा कर्ता बदलला म्हणून वाचक आपोआप निर्दोष ठरत नाही. दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांविषयी 'दाहक', 'अंगावर येणारे' ही विशेषणे आपल्या समीक्षेत सरसकट वापरली गेली. ती अनुभवाचा धक्का नोंदवतात. धक्का कोणाला बसला आणि तो आजवर इतका सुरक्षित कसा राहिला, हे विचारत नाहीत. तेवढ्यावर थांबणारे वाचन तिकीट काढून केलेले वाचन होय. अशी पुस्तके वाचू नयेत, असा याचा अर्थ नाही; न वाचणे ही तर पाठ फिरवण्याचीच दुसरी रीत झाली. मागणी इतकीच आहे की समीक्षेने वर्णनाच्या चौकटीत प्रेक्षकालाही पुरत्या रेषांत रेखाटावे. आपण कोठे बसलो आहोत, ही जागा आपल्याला कोणी दिली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्यावाचून त्या पुस्तकांविषयीचे आपले कोणतेही मूल्यविधान अपुरेच राहील.